रोटाच्या रात्री मी झोपले

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, पोत घालून तिची स्थापना होते. सगळी भाऊबंदकी, म्हणजे आमचं सगळं कुळ, एका घरात जमते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. सणाला आम्ही रोटच म्हणतो, कारण घरातल्या पुरुषांमागे मुठी मोजून गहू दळायचे आणि त्या पिठाचा रोट, म्हणजे जाड पोळी, भाऊबंदकीनेच खायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही. बायकांच्या नावाची मूठ नसते. जागरण मात्र बायकांचं. हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोठ्याने बोलून दाखवलं आणि तेव्हापासून सासरी कळसाडीत माझी तोंडाळ सून म्हणून ख्याती आहे. ख्याती खरी असल्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

सासूबाईंनी ते तोंड सहन केलं, कारण त्याच तोंडातून गाणं येतं. माझं माहेर कोरीटचं. कानबाईची गाणी मी आईच्या मांडीवर शिकले. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात, आणि उचलणारीने रात्रभर कानबाईजवळ बसायचं असतं. सासरच्या पहिल्याच रोटाला मी एक ओळ उचलली आणि सासूबाई आपल्या जागेवरून सरकल्या. त्या दिवसापासून ती जागा माझी झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, घरात थोरली सून आहे, कापूस वेचायच्या दिवसांत शेतातही असते. पण मला विचाराल तर माझा खरा मान त्या एका जागेचा होता.

मग एका वर्षी रोट संपला आणि मी संपलेच नाही. सोमवारी नदीवरून आल्यावर बाकीच्या बायका मिळेल तिथे आडव्या झाल्या. मी माळ्यावरची भांडी घासायला काढली. मंगळवारीही झोप नाही, बुधवारीही नाही, आणि थकवा म्हणाल तर नखाएवढा नाही. उलट इतकं छान वाटत होतं की आजवर आपण अर्धवटच जगत होतो असं वाटावं. फळ्यावर माझी अक्षरं मोठी होत गेली, ओळी वर चढायला लागल्या. कोंबडं आरवायच्या आधी मी नातेवाइकांना फोन लावून त्यांचे जुने तंटे मिटवायला घेतले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "इन्हावर कानबाई प्रसन्न व्हयनी." त्या नारळ घेऊन माझ्या पाया पडायला आल्या आणि मीही बिनदिक्कत आशीर्वाद दिले. एकीला तर बजावलं की सुनेला छळणं सोड, नाहीतर कल्याण नाही. तो सल्ला मी आजही देईन, तो काही आजारातला नव्हता.

त्याच भरात मी उरलेला रोट डब्यात भरून शाळेत नेला आणि पोरांना वाटून टाकला. पोरांना आवडला. घरात मात्र हाहाकार उडाला.

काही दिवसांनी मी खाली आले, आणि जमिनीवर थांबले नाही. केस विंचरायचे म्हटलं तरी हात डोक्यापर्यंत जाईना. लेक शाळेचा डबा मागायची आणि मी नुसती बघत राहायची. घरातल्यांनी कारण शोधलं, आणि ते त्यांच्या दृष्टीने अगदी चोख होतं. रोट बाहेर गेला, कानबाई कोपली. उपायही ठरला. पुढच्या वर्षी थोरल्या सुनेने कडक जागरण करायचं, पापणीला पापणी लागू द्यायची नाही. पुढच्या श्रावणात सासूबाई स्वतः माझ्या शेजारी बसल्या आणि माझी मान जरा कलली की कोपराने ढोसत राहिल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सून बरी व्हावी म्हणूनच त्या म्हातारीने रात्रभर आपले गुडघे दुखवून घेतले. पण जे मला बाधत होतं तेच त्यांनी वाढून दिलं, तेही पोटभर.

त्या वेळी मात्र आशीर्वादांवर भागलं नाही. मी काय काय केलं ते सगळं मला आठवत नाही, आणि जे आठवतं ते इथे लिहिणार नाही. नवऱ्याने मला जीपमध्ये घालून नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, बायपोलर. मन एकदा फार वर जातं, एकदा फार खाली, आणि मधे बराच काळ ठीक असतं. गोळ्या बऱ्याच काळासाठी, अधूनमधून रक्ताची तपासणी, आणि झोप चुकवायची नाही. नवरा मान डोलवत होता. मी छताकडे बघत होते. झोप चुकवायची नाही म्हणजे माझी जागा गेली, एवढंच मला कळलं.

गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, पण गोळ्या घेऊन जगायचं कसं ते मला त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या एका खोलीत समजलं. व्हरांड्याच्या टोकाला होती ती. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, खडखडणारा पंखा. तिथे बसणारी समुपदेशक माझ्याहून लहान होती. तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यावरची, घरी पावरी बोलणारी, आणि मराठी शाळेतल्या पुस्तकासारखं स्वच्छ. मास्तरीण असल्याने मी आधी तिची परीक्षा घेतली. म्हटलं, तुमचं वय काय?

ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा कमी आहे ताई. चालेल का तुम्हाला?"

"बघू," मी म्हणाले.

तोवर सगळ्यांनी मला माझ्या वाईट दिवसांबद्दलच विचारलं होतं. किती दिवस झोप नाही, काय तोडलं, कुणाला काय बोलली. हिने विचारलं, तुमचा चांगला दिवस कसा असतो? मग मी शाळेचं सांगितलं, पहिलीच्या पोरांचं सांगितलं, आणि शेवटी कानबाईजवळच्या जागेचं सांगितलं. म्हटलं, बाई, वर जाताना माझा आवाज जसा लागतो ना, तसा एरवी लागत नाही. गोळ्यांनी तो जाणार. मग मी उरले काय?

मला वाटलं, आता ही म्हणेल की तब्येतीपुढे गाण्याचं काय घेऊन बसलात. घरी सगळे तेच म्हणायचे. ती म्हणाली, "वर जाताना छान वाटतं, हे तुम्ही इथे मोकळेपणाने बोला. छान वाटत नसतं तर कुणी तिकडे गेलंच नसतं." मी रडले. आजार झाल्यापासून माझ्या सुखाबद्दल कुणी खरं बोललं नव्हतं.

मग तिने तिच्या घाटाचं उदाहरण दिलं. तोरणमाळचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर कळेल, वळणावर वळण. ती म्हणाली, आमच्याकडे काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करतात, आणि तेच दरीत जातात. शहाणा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवतो, गाडी गिअरमध्ये ठेवतो. गोळी म्हणजे इंजिन बंद करणं नव्हे ताई, गाडी गिअरमध्ये ठेवणं आहे. मला ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण परतीच्या एसटीत मी ड्रायव्हरच्या हाताकडे बघत बसले होते.

पुढे महिनोन् महिने मी जात राहिले. तिचा भर अगदी साध्या गोष्टींवर असायचा. उठायची वेळ एकच, जेवायची वेळ एकच, निजायची वेळ एकच, सुट्टी असो की पाहुणे असोत. आजार वाढायला लागला की सगळ्यात आधी काय बदलतं, ते तिने माझ्याकडूनच काढून घेतलं. माझ्या बाबतीत ती फळ्यावरची अक्षरं निघाली. अक्षरं फुगायला लागली की समजायचं. हे मला कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नसतं, कारण डॉक्टर माझ्या वर्गात येत नाही.

घरी मात्र वेगळाच छळ सुरू झाला होता. सगळे माझ्यावर पाळत ठेवून होते. मी जरा हसले की नवरा घड्याळाकडे बघायचा. मी चिडले की सासूबाई आतून ओरडायच्या, "गोई खादी का वं?" अहो, भाजीत मीठ नाही म्हणून मी चिडलेय, त्याला गोळी काय करणार? शेवटी मी समुपदेशकबाईंना म्हटलं, एक तर या दोघांना आवरा, नाहीतर त्यांनाच काहीतरी गोळी द्या. तिने दोघांनाही बोलावून घेतलं.

सासूबाई पदर सावरत खुर्चीच्या कडेवर बसल्या. बाईंनी त्यांना विचारलं, "माय, आजाराच्या आधी हिचा राग कसा होता?"

"आसाच!" सासूबाई म्हणाल्या. "लगीन व्हयनं तवयपासून आसाच."

"मग तो आजार नाही माय, स्वभाव आहे. त्याला आपल्याकडे औषध नाही."

नवरा इतका हसला की बाहेर रांगेत बसलेल्यांनी आत डोकावून पाहिलं. मला माझा राग रीतसर परत मिळाला. त्या दिवशी आमच्यात एक करार झाला. झोप खरंच कमी झाली आणि तरी मी थकले नाही, तर नवऱ्याने मला सांगायचं आणि मी वाद न घालता दवाखान्यात जायचं. हे मी शुद्धीत असताना, माझ्या तोंडाने कबूल केलं. आणि बाकीच्या वेळी कुणी माझं हसणं मोजायचं नाही. आजार गेलेला नाही, तो आमच्या घरात राहतो, पण त्या दिवसापासून तो घरचा मालक राहिला नाही.

हे असं बरं चाललेलं असताना यंदाचा श्रावण आला. एका संध्याकाळी जेवताना नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "यंदा रोटले तू कोरीटले जाय. दोन-चार दिन माहेरले ऱ्हाय."

थोरली सून रोटाला घरात नाही, याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. एक तर ती विटाळली किंवा तिला टाकली. मी म्हणाले, "मंग मले बी कानबाईसारखं नदीवर पोचाडी या ना!"

तो वर बघून म्हणाला, "मी आते परत तुले तशी देखू शकत नही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्याशी भांडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण भांडता येईना. त्याची भीती खोटी नव्हती. मला जीपमधून नेताना त्याने काय पाहिलं ते मी पाहिलेलं नाही.

हे भांडण मी नंदुरबारला त्या खोलीतच नेलं, नवऱ्यासह आणि सासूबाईंसह. समुपदेशकबाईंनी निवाडा दिला नाही. मला त्याचा रागच आला, कारण मला वकील हवा होता. तिने फक्त विचारलं, रोटातलं तुमचं नेमकं काय आहे? जागणं की गाणं?

"गाणं," मी म्हणाले. पण म्हणताना थांबले, कारण दोन्ही वेगळं करता येतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. उचलणारी रात्रभर बसते, म्हणून बसायचं. एवढंच.

नवरा म्हणाला, मधेच उठून निजायला गेली तर रीत मोडेल. त्यावर सासूबाई, ज्या तोवर भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत बसल्या होत्या, एकदम बोलल्या. "कोन जागं शे आन् कोन निजेल शे, ते कानबाई माय मोजत बसस का?" मग त्यांनीच खरी अडचण सांगितली. "पन भाऊबंदकीले काय सांगसूत?"

आतापर्यंत भाऊबंदकीला आम्ही कमजोरी आहे, चक्कर येते, असं सांगून वेळ मारून नेली होती. समुपदेशकबाई मला म्हणाल्या, कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे फक्त तुम्ही ठरवायचं. नाही सांगितलं तरी तुमचं काही चुकत नाही. मी परतीच्या वाटेवर खिडकीतून ऊस बघत विचार केला. लपवायचं तर दरवर्षी माहेर. सांगायचं तर एकदाच काय ते होईल. वाटेतलं प्रकाशा गाव येईपर्यंत माझं ठरलं होतं. म्हटलं, आई, मी सांगते सगळ्यांना.

"मी सांगसू," सासूबाई म्हणाल्या. "तू सांगशी त भांडणच व्हई."

रोटाचे गहू निवडायला बायका आमच्या अंगणात जमल्या, तेव्हा सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि सरळ बोलायला सुरुवात केली. "मन्ही सूनले झोपनं पथ्य शे. तुमले साखरनं शे ना, तसंच. झोप मोडनी का तिन्हं डोकं बिघडस. दवाखाना चालू शे. ती सांजले गाई आन् निजाले जाई. कोनले काय बोलनं व्हई ते आत्तेच बोला, मांगतून नको."

मी गव्हातले खडे शोधत होते. खडे नव्हतेच, पण मान वर करायची छाती होत नव्हती. एक चुलत जाऊ हळूच म्हणाली की डोक्याच्या गोळ्या खाणारी बाई कानबाईजवळ बसलेली चालेल का. सासूबाईंनी तिला तिथेच धरलं, "तू बीपीनी गोई खाईसनच रांधाले बठस ना? मंग?" आणि मग आमची सगळ्यात म्हातारी चुलत सासू, जिला सगळी भाऊबंदकी वचकून असते, ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग मी बी निजसू वं माय! मन्ही कंबर कितला सालपासून वरडी ऱ्हायनी, पन आधी कोन बोली?" बायका आधी चमकल्या आणि मग हसत सुटल्या. पाच मिनिटांत कळलं की या जागरणाला मनातून निम्म्या बायका वैतागल्या होत्या. कुणाच्या पायाला सूज, कुणाचं डोकं दुखतं, कुणाला सोमवारी मुकादमाकडे कामाला जायचं. मग त्यांनी आपापसात पाळ्याच लावून घेतल्या. मी गहूच निवडत राहिले. तोंडाळ सून प्रथमच गप्प, असं कुणीतरी म्हणालंही.

रविवारी दिवेलागणीपासून मी गायले. गाडी गिअरमध्ये होती, तरी आवाज लागला. आधीसारखा आभाळाला टेकणारा नव्हता, पण माझाच होता, आणि मला तो पुरला. गोळीची वेळ झाली तशी मी उठले. नवरा मला मागच्या गल्लीतल्या चुलत दिराच्या घरी सोडून आला, म्हणजे ढोलकीचा आवाज कमी येईल.

तिथे पडल्या पडल्या मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. माझ्या जागेवर त्या बसल्या होत्या. सूर कधीचा सुटलेला, वर एक कडवंच गाळलं त्यांनी. माझे पाय जमिनीवर आलेसुद्धा. जाऊन फक्त तेवढं कडवं सांगून येते, असं वाटलं. मग कळलं की असंच फक्त तेवढं, फक्त तेवढं करत मी याआधी जीपमध्ये जाऊन पडले आहे. मी पाय वर घेतले. कडवं गळलं तर गळलं. कूस बदलली, आणि नंतरचं मला आठवत नाही.

जाग आली ती तोंडावर ऊन आलं म्हणून. बाहेर सामसूम. कानबाईला पहाटे, सूर्य वर यायच्या आत काढतात. गेली. मला सोडून सगळे नदीवर गेले. उगाच त्रास नको म्हणून नवऱ्याने ठरवलं असणार. मी तशीच, विस्कटलेल्या केसांनी, अनवाणी आमच्या घराकडे धावले.

घरासमोर सगळी भाऊबंदकी बसलेली होती. बायका ओट्यावर, पुरुष निंबाखाली. नटूनथटून तयार असलेली कानबाई दारात चौरंगावर. बँडवाल्यांनी वाद्यं जमिनीवर ठेवून चहा घेतला होता आणि त्यांचा म्होरक्या नवऱ्याशी तावातावाने बोलत होता, त्याला शहाद्याला दुसरी सुपारी होती. दुसऱ्या गल्लीतल्या बायका तर कानबाई पोचवून ओल्या पायांनी परतत होत्या. रात्रभर गाऊन घसा बसलेल्या सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, दार अडवल्यासारख्या.

नवरा जवळ येऊन म्हणाला, "मायनी कोनले उठाडू दिधं नही."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पथ्य रातपुरतंच ऱ्हास का? निजेल मानूसले कसाले उठाडनं?"

माझ्या झोपेसाठी आमच्या घराने कानबाईला थांबवून ठेवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सगळ्यांनी बघितलं, बँडवाल्यांनीही. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चाल आते, चूळ भर. ऊन तपी ऱ्हायनं."

मी चूळ भरली, केस बांधले, पदर खोचला. सासूबाईंनी कानबाई उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि आम्ही निघालो.